पंचमीचा अडकित्ता

नागोबाच्या बनाच्या फाटकावर धुळा बसायचा, आणि त्याच्या हातून लोखंडाचं पातं म्हणून आत जायचं नाही, असं उंब्रजपासून सांगलीपर्यंत लोक म्हणायचे. लोकांना काय, बोलायला काहीतरी लागतंच. पण हे बोलणं मात्र खरं होतं. विळा म्हणू नका, कोयता म्हणू नका, शाळेच्या पोरांचं पेन्सिल तासायचं पातंसुद्धा धुळा काढून घ्यायचा. घेतलेली वस्तू फाटकाजवळच्या लाकडी पेटीत टाकायचा आणि बदल्यात पत्र्याचा बिल्ला हातावर ठेवायचा. बिल्ल्यावर खिळ्यानं ठोकून काढलेला आकडा असायचा. जाताना बिल्ला द्या, आपलं हत्यार घ्या आणि सुखानं घरी जा. पेटीला कुलूप, आणि किल्ली धुळाच्या करगोट्याला.

हे बन गावाच्या वरच्या अंगाला डोंगराच्या पोटात होतं. देवाचं बन, म्हणून शंभर वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता. तिथं लेकराबाळांसाठी बाग करायचं खूळ सुभेदार हंबीररावांचं. पलटणीतून पेन्शनीवर आले ते हेच डोक्यात घेऊन. म्हणायचे, शहरातल्या माणसानं बायकापोरं घेऊन यावं, दिवसभर झाडाखाली खेळावं आणि संध्याकाळी जावं, पण माणूस येऊन गेल्याचं झाडाला कळता कामा नये. लोक आधी हसले. पण गडी हट्टाचा. ओढ्यावर त्यांनी दोरांचा पूल बांधला, तसले पूल त्यांनी पूर्वेकडच्या डोंगरात पलटणीसाठी बांधले होते. उंबराला, जांभळीला मोठमोठे झोके टांगले. हातानं फिरवायचा लाकडी पाळणा केला. सगळा मिळून एक खिळा झाडात गेला नाही. साल घासू नये म्हणून दोराखाली गोणपाट गुंडाळलेलं, दोर घायपाताचा, जेवायला पळसाच्या पत्रावळ्या, आणि कर्णा लावायला सक्त मनाई. दोन वर्षांत सांगलीच्या पेठेतली, कराडातली कुटुंबं एस्टीनं यायला लागली.

पहिल्याच वर्षी कुणा कॉलेजच्या टोळक्यानं सगळ्यात जुन्या हिरड्याच्या सालीवर चाकूनं नावं कोरली. सुभेदार त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी फाटक बसवलं आणि फाटकावर धुळाला बसवलं.

धुळाच का, तर त्याचीही गंमतच. हा माणदेशातला मेंढका. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं घेऊन खाली आला आणि याच बनात लपूनछपून डहाळे तोडायला लागला. सुभेदारांनी त्याला झाडावर धरला. मारला नाही, शिवी दिली नाही. एवढंच म्हणाले की तोडायचं ज्याला कळतं, त्यालाच राखायचं कळेल. मेंढरं तशीही चाऱ्यावाचून एकेक करून संपत आली होती. धुळानं आपली कुऱ्हाड सुभेदारांच्या पायाशी ठेवली. पेटीत पडलेलं पहिलं पातं ते. तिचा बिल्ला एक नंबरचा, तो धुळानं खोपटाच्या मेढीला अडकवून ठेवला होता. त्या दिवसापासून सुभेदार म्हणजे धुळाला देव. आणि देवाच्या तोंडून चारचौघांत एक वाक्य कधीमधी यायचं, की या बनात मी एका माणसाच्या जिवावर झोपतो. ते ऐकलं की धुळा दोन दिवस भाकरी कमी खायचा, इतका भरून पावायचा.

पण एक गोष्ट सुभेदारांना ठाऊक नव्हती. कुणालाच ठाऊक नव्हती.

धुळाच्या कमरेला पानाची चंची असायची, आणि चंचीच्या आतल्या कप्प्यात एक अडकित्ता. लहानसा, मोराच्या मानेचा. त्याच्या बायकोचा, हरणाबाईचा. म्हसवडच्या जत्रेत तिनं हट्टानं घेतलेला. नियमानं तोही पेटीत जायला हवा होता. पहिल्या दिवशी धुळानं तो हातात घेतलाही, पेटीपाशी गेलाही, पण हात सुटला नाही. तिच्या मागं राहिलेली ती एवढीच वस्तू. असू दे म्हणाला, याच्यानं काय झाड तुटतंय? दुसऱ्यानं हेच म्हटलं असतं तर धुळानं त्याला फाटकातून माघारी हाकलला असता. माणूस स्वतःला जेवढी सूट देतो, तेवढी सख्ख्या भावालाही देत नाही.

हरणाबाई गेली ती पंचमीलाच. नागपंचमीला कापू नये, चिरू नये, खणू नये, हे आपल्याकडं शेंबडं पोरही जाणतं. धुळालाही ठाऊक होतं. पण त्या साली करडं उपाशी ओरडत होती, म्हणून त्यानं कुऱ्हाडीनं बाभळीचा एक डहाळा पाडला. एकच. दिवस मावळायला हरणाबाई गोवऱ्या काढायला गेली आणि ओरडत माघारी आली. घोट्यावर दोन टिपकं. मेंढरांच्या वाड्यावरच्या बायका रडता रडता म्हणाल्या की धुळानं घाव घातला आणि नागानं परत केला. त्या म्हणाल्या आणि विसरल्याही. धुळा मात्र विसरला नाही. त्यानंतर दर पंचमीला तो चंचीला दोरा गुंडाळून ठेवायचा. त्या दिवशी सुपारी दगडानं फोडायचा.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली होती. साल पंचाहत्तर. धुळाची एकुलती एक लेक रंगूबाई पहिल्या बाळंतपणाला त्याच्या खोपटात आलेली. आई नाही, म्हणून गावातली सुईण तानुबाई अधूनमधून येऊन बघून जायची. दिवस भरत आलेले. खोपटाभोवती श्रावणाचं गवत कमरेला लागत होतं, आणि धुळाला मेलं गवत कापायचीही सोय नव्हती, कारण बनाच्या हद्दीत विळा चालत नव्हता. काठीनं झोडपून झोडपून तो वाट मोकळी करायचा आणि लेकीला दहादा सांगायचा की बाई, पाय टाकशील तिथं आधी काठी आपट.

पंचमी म्हणजे बनातला सगळ्यात मोठा दिवस. माहेरी आलेल्या पोरी झोक्यांवर तुटून पडायच्या. त्या दिवशी सकाळपासून झिमझिम होती तरी चारशे माणूस आलेलं. बिल्ल्यांची माळ दुपारपर्यंत निम्म्यावर आली.

अकराच्या एस्टीनं सांगलीचे भाऊसो आले. हळदीच्या पेठेत पोती तोलायचं काम त्यांचं, त्यामुळे बोटं कायमची पिवळी. बरोबर सून शालूबाई आणि सात वर्षांची नात कुंदा. मुलगा पलटणीत, लांब सरहद्दीवर. नातीला बनातला झोका दाखवीन, असं आजोबांनी सहा महिन्यांपासून कबूल केलेलं.

धुळानं त्यांची चंची उघडायला लावली. आत पितळी मुठीचा अडकित्ता. भाऊसो म्हणाले, बाबा, ही सुपारी कातरायची वस्तू, झाड कातरायची नव्हं. धुळा म्हणाला, नियम म्हंजे नियम. भाऊसो म्हणाले, दातं पडल्यात, सुपारी बारीक कातरल्याबिगर चावत न्हाई. मागं रांग खोळंबली. धुळा हात पुढं करून उभाच. शेवटी भाऊसोंनी अडकित्ता दिला आणि हसून म्हणाले, तुझ्यासारखा माणूस पेठेत काट्यावर पायजे हुता गड्या, एक तोळा इकडं तिकडं झाला नसता. धुळाला ते बरं वाटलं. त्यानं सत्तावीस नंबरचा बिल्ला काढला. कुंदानं तो आजोबांच्या हातातून ओढून घेतला, फ्रॉकच्या खिशात टाकला आणि वर खिसा दाबून बघितला.

दुपारी तीनचा सुमार असेल. उंबराच्या बाजूनं बायकांचा एकच गलका उठला. आनंदाचा गलका आणि घाताचा गलका माणसाला लांबूनही वेगळा कळतो. धुळा फाटक सोडून पळाला.

लहान पोरं झोक्यावरून पडू नयेत म्हणून सुभेदारांनी प्रत्येक झोक्याला कमरेची एक दोरी लावली होती. पोर लहान असो की मोठं, त्याला बसावी म्हणून तिला सरकती गाठ. हजार पोरं त्या दोरीत बसून हसत घरी गेली होती. त्या दिवशी फळी पावसानं बुळबुळीत झालेली. कुंदा फळीवरून खाली घसरली, कमरेची दोरी वर सरकत काखेतून गळ्याशी आली, आणि तिच्याच वजनानं गाठ आवळली. घायपाताचा दोर भिजला की फुगतो, आणि भिजलेली गाठ म्हणजे दगड. लोकांनी पोरीला खालून उचलून धरलं होतं, तरी गाठ सुटेना. दोर मांसात रुतलेला, खाली बोट जाईना. शालूबाई दातांनी गाठ सोडवत होती, तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. भाऊसो पोरीचे पाय छातीशी धरून उभे होते.

सुभेदार ओरडले, "पातं आणा कुणीतरी. पातं!"

चारशे माणसांत पातं नव्हतं. एकानं कमरेला हात घातला आणि बिल्लाच वर काढला.

धुळानं करगोट्याची किल्ली तोडली आणि पुलावर काम करणाऱ्या नाथाजीच्या अंगावर फेकली. नाथाजी जवान गडी, वाऱ्यासारखा पळाला. पण फाटक फर्लांगभर लांब. जाणार, कुलूप काढणार, विळा घेणार, परत येणार.

आणि धुळा उभा राहिला. पोरीपासून चार हातांवर. हात कधी चंचीवर गेला ते त्याचं त्याला कळलं नाही. दोऱ्याच्या वरून, कापडाच्या आतून, मोराची मान त्याच्या बोटाला लागली.

आता खरं सांगायचं तर त्या घटकेला त्याच्या मनात काय होतं, हे पुढं त्यालाही नीट सांगता आलं नाही. एक भीती नव्हती, दोन होत्या. आज पंचमी. आज पातं उघडलं की फेड होणार, आणि फेड कुणाची? खोपटात रंगू एकटी, पोटुशी, भोवती कमरेएवढं गवत. हरणाचा घोटा त्याला डोळ्यांपुढं दिसला. ही एक. आणि दुसरी भीती अशी, की सांगायलाही लाज वाटावी. समोर सुभेदार उभे होते. चारशे लोक उभे होते, ज्यांच्या प्रत्येकाच्या खिशात त्यानं हात घातला होता. अडकित्ता काढला की सगळे म्हणणार, ह्याच्याजवळच निघालं की. यातली कुठली भीती मोठी होती? तो मनाशी म्हणत राहिला, नाथाजी येईल. आत्ता येईल. आलाच असेल. पोरीचे पाय आधी जोरजोरात हलत होते, मग हळू, मग भाऊसोच हलत होते, पाय नव्हते हलत.

नाथाजी विळा घेऊन आला आणि एका फटक्यात दोर तुटला. कुंदाला गवतावर ठेवली. सुभेदारांनी तिच्या तोंडात तोंड घालून फुंकर घातली, पलटणीत शिकवलेलं सगळं केलं. मग ते उठले आणि उंबराकडं तोंड करून उभे राहिले. शालूबाई रडली नाही, ती पोरीच्या गळ्यावरचा वळ पदरानं पुसत बसली, जसा काही तो माखलेला चिखल होता.

पोलिसांनी पंचनामा केला. फौजदारानं धुळाला विचारलं की एवढ्या माणसांत खरंच एक पातं नव्हतं का. धुळा म्हणाला, "न्हवतं साहेब. मी सोता एकेकाची झडती घेतलीती." सुभेदारांनी मान खाली घालून सांगितलं की नियम माझा, गाठ माझी, ह्या माणसाचा काही दोष नाही, ह्यानं मी सांगितलं तेवढंच केलं. कागदावर तसंच लिहिलं गेलं. बनाचं फाटक बंद झालं. दोरपूल, झोके, पाळणा, सगळं सुभेदारांनी स्वतःच्या हातानं उतरवलं आणि ओढ्याच्या काठावर जाळलं. मग रोज सकाळी येऊन ते उंबराखाली बसायला लागले. जेवणाचा डबा तसाच माघारी जायचा. धुळा त्यांच्यापासून लांब बसायचा. तोंड उघडलं की या माणसाच्या उरावरचा निम्मा धोंडा उतरणार, हे त्याला दिसत होतं, आणि तो तोंड उघडत नव्हता.

आठव्या दिवशी रंगूबाईला मुलगी झाली. सुखरूप. तानुबाईनं बाहेर येऊन सांगितलं की नाकीडोळी अगदी हरणाबाई आहे, चल, बघ. नाग आला नव्हता. कुणीही काही परत मागितलं नव्हतं. धुळा खोपटाच्या दारात उभा राहिला, लेकीनं बाळ पुढं केलं, आणि त्यानं हात मागं घेतले. हात धुऊन येतो म्हणाला आणि ओढ्यावर जाऊन बसला. रंगूबाईला वाटलं, मुलगी झाली म्हणून बाप नाराज आहे. ती भिंतीकडं तोंड करून रडली, आणि धुळाला तिची समजूतही काढता आली नाही.

तेरावं उरकल्यावर भाऊसो आले. एकटेच. एस्टीतून उतरून पायी चढून आले होते, धाप लागली होती. फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसले. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून बिल्ला काढला आणि धुळापुढं धरला.

"तिच्या फ्रॉकात हुता," म्हणाले. "वस्तू तुमची. म्हटलं, पोच करून यावी."

धुळानं बिल्ला घेतला. पेटी उघडली. आत तळाला त्याची कुऱ्हाड आणि वर एकटाच पितळी मुठीचा अडकित्ता होता, बाकी सगळे आपापलं घेऊन गेले होते. पावसाचं पाणी पेटीत गेलेलं, पात्याला तांबेरा चढलेला. भाऊसोंनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला. मग त्यांनी चंची काढली, दोन पानं मांडली, एक धुळासाठी. म्हणाले की त्या दिवशी मी तुझ्याशी वाद घातला, ते मनावर घेऊ नको, तू तुझं काम केलंस. घरी सून म्हणते, तुम्ही तो अडकित्ता दिलातच कशाला. आता तिला काय सांगू? नियम म्हणजे नियम. असं म्हणत त्यांनी सुपारी अडकित्त्यात धरली आणि दाबली. अडकित्ता गंजून बसलेला, उघडला होता तसाच अडकला. पुन्हा दाबली. पुन्हा नाही.

धुळानं सुपारी त्यांच्या हातातून घेतली. चंची सोडली, आतल्या कप्प्यात हात घातला, मोराच्या मानेचा अडकित्ता काढला आणि कचकच सुपारी कातरली. तीस वर्षांची सवय. दुसऱ्याचं पान अडलं की आपला अडकित्ता पुढं करायचा, एवढंच हाताला ठाऊक. कातरलेली सुपारी तळहातावर घेऊन त्यानं पुढं केली, तेव्हा त्याला भाऊसोंचे डोळे दिसले. ते सुपारीकडं बघत नव्हते.

पाऊस नव्हता. ओढ्याचं पाणी तेवढं ऐकू येत होतं.

"ह्यो त्या दिवशी हुता का जवळ?" भाऊसोंनी विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. फौजदाराला म्हटलं होतं, सुभेदारांच्या देखत म्हटलं होतं, पुन्हा एकदा म्हणणं काही जड नव्हतं. काल बाजारातून आणला, असं सांगितलं असतं तरी म्हाताऱ्यानं मानलं असतं. त्याला मानायचंच होतं.

"हुता," धुळा म्हणाला.

"चंचीत?"

"चंचीत. हात लावून उभा हुतो."

भाऊसोंनी का म्हणून विचारलं नाही. धुळाजवळ पंचमी होती, हरणाबाई होती, रंगूबाई होती, नऊ वर्षांची सगळी हकीकत जिभेवर येऊन थांबली होती. पण म्हातारा तोलणारा माणूस. त्यानं विचारलं ते एवढंच.

"किती येळ लागला असता?"

धुळानं तळहातावरच्या सुपारीकडं बघितलं.

"आत्ता लागला तेवढा."

भाऊसो उठले. आपलं पान त्यांनी घडी न घालताच कट्ट्यावर ठेवलं. गंजलेला अडकित्ता सदऱ्याच्या खिशात टाकला आणि फाटकाबाहेर न जाता आत वळले, उंबराच्या वाटेनं, जिथं सुभेदार बसले होते. एकेक पाऊल टाकत ते चालले होते. खोपटात रंगूबाईचं बाळ उठलं आणि रडायला लागलं. सत्तावीस नंबरचा बिल्ला धुळानं माळेत परत ओवला, मोराच्या मानेचा अडकित्ता पेटीत ठेवला, कुलूप घातलं, आणि सुभेदार हाक मारतील म्हणून तिथंच कट्ट्यावर बसून राहिला.